आधी भिंत मोज, मग फोटो काढ

तुझा फोन आला तेव्हा मी माळ्यावरचा जुना एन्लार्जर खाली काढून पुसत बसलो होतो. "अण्णाआजोबा, नव्या घरात सोफ्याच्या वर कास पठाराचा मोठ्ठा फोटो लावायचाय, फोनवर काढला तर चालेल का?" न चालायला काय झालं! पस्तीस वर्षं साताऱ्यात स्टुडिओ चालवला, त्यातली निम्मी डार्करूमच्या लाल दिव्यात गेली, पण फोनवर माझा राग नाही. 2015 साली ॲपलनं लोकांनी आयफोन 6 वर काढलेले फोटो जगभरच्या शहरांत होर्डिंगवर चढवले होते. तो कॅमेरा अवघा 8 मेगापिक्सेलचा. तुझ्या हातात आहे तो त्याच्या पुष्कळ पुढचा. तेव्हा घोडं फोनपाशी अडत नाही. अडतं ते इथं, की आपण फोटो बघतो तळहाताएवढ्या काचेवर आणि लावायला निघतो तीन फुटी भिंतीवर. तळहातावर सगळंच छान दिसतं.

म्हणून पहिलं काम कॅमेऱ्याचं नाही, टेपचं. सोफा किती फुटी आहे ते मोज. सात फुटी असेल तर वर साडेचार फुटांपर्यंतचं चित्र शोभतं, तीन फुटीही चालतं, दीड फुटी लावलंस तर शर्टाला तुटकं बटण लावल्यासारखं दिसेल. मग समोर जा. आलेला माणूस कुठं बसणार, तिथून भिंत किती लांब? हे अंतर लिहून ठेव. फूटभर अंतरावरून बघायचा फोटो इंचाला 300 ठिपके मागतो. तीन फुटांवरून बघायचा असेल तर 100 पुरतात, सहा फुटांवरून 50. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला कधी नाक लावून बघ, भावी नगरसेवकाच्या गालावर मुगाएवढे ठिपके दिसतील. रस्त्यापलीकडून तोच गाल लोण्यासारखा.

आता तुझा हिशोब. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 4000 बाय 3000 ठिपके. तुला हवाय 36 बाय 24 इंच. 4000 भागिले 36, म्हणजे इंचाला 111. तीन फुटांवरून बघणाऱ्याला पुरून उरेल. फोनच्या खोक्यावर 50 मेगापिक्सेल लिहिलंय म्हणून हरखून जाऊ नकोस. असे बरेच फोन चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराच मेगापिक्सेलचा फोटो देतात, आणि कमी उजेडात तेच शहाणपणाचं असतं. लख्ख उजेड असेल तेव्हाच सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण 50 चालू कर.

ठिपके पुरेसे असतात गं, आपण ते वाटेत सांडतो. चिमटीनं दुप्पट झूम केलंस की निम्मी लांबी आणि निम्मी रुंदी गेली, म्हणजे चारातला एकच हिस्सा हाती उरला. फोनला लांबचं वेगळं भिंग असेल तर ते वापर, नसेल तर पायांनी पुढं जा. कॅमेरा 16:9 वर असेल तर वरचा-खालचा मिळून पाव फोटो आधीच कापला जातो. तो 4:3 वर ठेव. 36 बाय 24 चं प्रमाण पुन्हा तिसरंच, तेव्हा वर-खाली थोडी मोकळी जागा सोडूनच काढ. कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणणार असशील तर चारी बाजूंनी दीड-दोन इंच मागं वळतात. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोत असेच मामांचे कान मागं वळवले होते मी. मामा अजून बोलत नाहीत.

सगळ्यात मोठं भोक व्हॉट्सॲपचं. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तिथं लांबीला 1600 ठिपक्यांच्या आसपास येतो. 36 इंचांवर पसरला तर इंचाला 44. तो भिंतीवर लावण्यापेक्षा भिंत कोरी बरी. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आता कासचं. तू जो फोटो मनात धरून बसलीयस तो मला ठाऊक आहे: क्षितिजापर्यंत तेरड्याचा गुलाबी गालिचा, मधूनमधून पिवळी सोनकी, वर ढग. डोळ्यांना तो स्वर्ग, आणि फोनला नेमका तोच सगळ्यात अवघड पेपर. फोनचं भिंग वाटाण्याएवढं, त्यामागची चकती नखाएवढी. त्यातून आलेल्या फोटोतला खरखरीतपणा फोन स्वतःच पुसून टाकतो, आणि पुसताना त्याला कणी कुठली आणि गवताचं पातं कुठलं हे कळत नाही. लांबचं गवत, हजारो बारकी फुलं, झाडाची पानं यांचा तो पालकाच्या पातळ भाजीसारखा लगदा करतो. मग चूक झाकायला कडा ठळक करतो, की डोंगराच्या माथ्याभोवती पांढरी रेघ उमटते. फोनवर हे दिसणार नाही. तीन फुटी फोटोत दिसेल, आणि एकदा दिसलं की रोज तेवढंच दिसत राहील.

तेव्हा मोठं करायचं असेल तर थोडकं आणि ठळक निवड. धुक्यातला एकच कातळ. पठाराच्या कडेला उभं एकटं झाड. पाण्याच्या डबक्यात पडलेलं आभाळ. समोर हातभर अंतरावर सोनकीचे दहा-बारा झुपके नेटके आणि मागं सगळं धुकट. असले फोटो पाच फुटांचे केले तरी लाज राखतात, कारण त्यांत हरवण्यासारखं बारीक काही नसतंच. धुकं तर फोनचा जिवलग आहे. लोक धुकं पडलं की हळहळत परततात, तू थांब.

कास 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि रविवारी तिथं माणसांचाच बहर येतो. आडवारी जा, सकाळी लवकर जा. गाडीतला एसी शेवटची दहा मिनिटं बंद करून काचा उघड, नाहीतर थंडगार फोन बाहेरच्या दमट हवेत नेलास की भिंगावर वाफ धरते. मी असा एक अख्खा रोल वाया घालवलाय, छत्तीसच्या छत्तीस. वाटेवरूनच काढ, खाली वाक, गुडघे टेक, पण फुलांत पाय घालू नकोस. सीतेची आसवं नावाची फुलं एवढीशी असतात, चपलेखाली गेली तर कळतही नाहीत.

फोटो काढण्याआधी भिंग पूस. हसू नकोस. सगळी पोरं फोन पोटाशी धरतात, गालाला लावतात आणि त्याच तेलकट भिंगातून जग बघतात. दिव्याभोवती धुराचं कडं दिसतंय, उन्हात फोटो पांढुरका येतोय, तर दोष फोनचा नाही, तुझ्या बोटाचा. धुतलेल्या मऊ सुती कापडानं, हलक्या हातानं पूस.

मग हात. कोपरं बरगड्यांना टेकव, श्वास अर्धा सोड आणि तिथं थांबून बटण दाब. दाब म्हणजे स्पर्श कर, ठोसा नको. उजेड कमी असेल तर फोन कशावर तरी टेकवून तीन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बोटाचा धक्काही बसत नाही. माझ्या झोळीत कायम किलोभर जोंधळ्याची शिवलेली पिशवी असायची. कातळ असो, गाडीचं बॉनेट असो, कट्टा असो, पिशवी टाकायची, वर कॅमेरा रुतवायचा. तीन पायांचं स्टँड जिथं उभं राहत नाही तिथं ही बसते. तुझ्यासाठी शिवून ठेवतो.

आणि आभाळ जाळू नकोस. आमच्याकडं निगेटिव्हमध्ये आभाळ जास्त भरलं की कागदावर तिथं काहीच उमटायचं नाही, नुसता कोरा कागद. आजही तेच. पडद्यावर पांढरं आभाळ उजळ म्हणून खपून जातं. छापल्यावर भोक पडल्यासारखं दिसतं. ढगाच्या उजळ भागावर बोट टेकवून धरून ठेव, फोकस आणि उजेड तिथं कुलूपबंद होतील, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढ. अंधारलेली सावली नंतर थोडी उचलता येते, जळालेलं आभाळ परत आणता येत नाही. एकच फोटो काढून थांबू नकोस. वारा असतो, फूल हलतं. दहा काढ, मग सावलीत बसून प्रत्येक फोटो पूर्ण मोठा करून कोपरान्कोपरा बघ. मोठ्या पडद्याच्या कॉम्प्युटरवर बघितलास तर आणखी बरं.

रंगाला फार हात लावू नकोस. तेरडा मुळात गुलाबी आहे, त्याला लिपस्टिक लावायची गरज नाही. पडदा आतून उजळतो, कागद खोलीतल्या उजेडावर जगतो, त्यामुळे छापील फोटो नेहमी फोनपेक्षा काळोखा वाटतो. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आण आणि तेव्हा फोटो कसा दिसतो ते बघ. गडद वाटला तर थोडा उजळ कर.

इथं माझ्या डार्करूममधली एक गोष्ट अजून कामाची आहे. आम्ही मोठा कागद कधी एकदम घालायचो नाही. महाग असायचा. त्याची दोन बोटं रुंदीची पट्टी कापायची, एन्लार्जरखाली ठेवून वरून पुठ्ठा धरायचा, आणि पुठ्ठा सरकवत पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद असा उजेड द्यायचा. पट्टी डेव्हलपरमध्ये सोडली की लाल दिव्याखाली फिकं, मध्यम, गडद असे पट्टे हळूहळू वर यायचे. हायपोचा तो आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. उटीच्या कारखान्यातल्या 'इंदू' फिल्मवर काढलेला चेहरा असा पट्ट्यापट्ट्यांनी उगवताना बघितला की कुठला पट्टा खरा ते आपोआप कळायचं. तूही तेच कर. 36 बाय 24 च्या पूर्ण फोटोतला मधला 8 बाय 12 चा तुकडा, त्याच मापानं, लॅबमधून आधी छापून घे. संपूर्ण फोटो लहान करून छापू नकोस, त्यातून काही कळत नाही. तो तुकडा घरी आण, भिंतीला चिकटव, दिवसा बघ, रात्री दिवा लावून बघ, दोन दिवस राहू दे. लॅबवाल्याला फाइल जेपेग करून दे. आयफोनची हेइक फाइल काहींच्या मशीनवर उघडत नाही. आणि करेक्शन करू नका म्हणून बजाव, नाहीतर तुझं धुकं त्याला चूक वाटेल आणि तो ते साफ करून देईल.

कागद मॅट घे. भिंतीसमोर खिडकी असेल तर चकचकीत कागदात तुला कासऐवजी समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतील. काच लावणारच असशील तर फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट हवाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो, सोडवायला गेलं की चेहऱ्याचं कातडं निघून येतं. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही आणि मागून हवा खेळते. पश्चिमेचं ऊन जिथं पडतं ती जागा टाळ. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर येऊ दे; आपले लोक फोटो पालीच्या उंचीवर लावतात.

एक सांगायचं राहिलं. हल्ली लहान फोटो यंत्राकडून मोठा करून घेतात. डोंगराला चालेल, चेहऱ्याला नको. स्टुडिओ बंद करायच्या शेवटच्या वर्षात एक मुलगा आईचा फोटो घेऊन आला होता. तेराव्याला हार घालायला हवा होता. ग्रुपमधून कापलेला, व्हॉट्सॲपवरून चारदा फिरलेला, अंगठ्याएवढा चेहरा. कुणीतरी तो असाच मोठा करून दिला होता. कातडी तुकतुकीत, डोळे टपोरे, आणि कपाळावरचं गोंदण गायब. यंत्राला तो डाग वाटला असणार. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ही आमची आई नाही हो. अशी किती माणसं माझ्या काउंटरवर आली. घरात चार फोन, त्यांत हजारो फोटो, आणि आईचा एक धड नाही.

कासला जायच्या आधी गणपतीला घरी येशीलच. दुसरी भिंतही मोजून ये, आतल्या खोलीची. तुझी आजी, माझी वहिनी, दुपारी मागच्या खिडकीपाशी वाती वळत बसते. त्या खिडकीला थेट ऊन नाही, अंगणातल्या भिंतीवरून फिरून आलेला मऊ उजेड असतो. मी सगळ्या घरादाराचे फोटो तिथंच काढायचो. खोलीतली ट्यूबलाइट बंद कर, पिवळ्या-निळ्या उजेडाची खिचडी नको. फ्लॅश नको. ब्यूटी बंद, पोर्ट्रेट मोडही नको, तो केसांच्या बटा आणि चष्म्याची काडी खातो. मागच्या कॅमेऱ्यानं काढ. फार जवळ जाऊ नकोस, नाक मोठं येतं; चार-पाच फूट लांब राहा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बस आणि तिच्या जवळच्या डोळ्यावर फोकस धर. ती म्हणेल, "माझं काय मेलीचं काढतेस, केससुद्धा विंचरले नाहीत." तिला केस विंचरायला उठू देऊ नकोस. वाती वळू दे. हात कामात असले की चेहरा आपला आपण सैल होतो. बोलत राहा, माहेरचं काहीतरी विचार, आणि ती उत्तर देऊन पुन्हा कापसाकडं बघायला लागेल त्या क्षणाला काढ. मग वर बघेल तेव्हा आणखी एक.

मला लगेच पाठव. डॉक्युमेंट म्हणून.