रोपे बाहेर लावण्याचा समय

शास्त्रपाठ : उत्पत्ति १:१४–१९; उपदेशक ३:१–८.

देवाने आकाशात ज्योती स्थापिल्या त्या केवळ उजेडासाठी नव्हेत, तर ऋतु व दिवस ह्यांच्या खुणा दाखविण्यासाठीही होत, असे पहिला शास्त्रपाठ शिकवितो. ह्या खुणा रोपेही ओळखितात.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहराजवळ गार्नर व अलार्ड ह्या शास्त्रज्ञांनी तंबाखूची एक जात पाहिली. ती उन्हाळ्यात शेतात फार उंच वाढे, परंतु फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र फुले. त्यांनी उन्हाळ्यातच काही रोपे दररोज दुपारी अंधाऱ्या कोठडीत नेऊन ठेविली, तेव्हा ती फुलली. ह्यावरून दिवसाची लांबी हेच कारण होय, असे त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केले.

कांद्याची रीत ह्याहून निराळी आहे. दिवस मोठा होऊ लागला व उष्मा वाढला म्हणजे तो पात वाढविणे सोडून गड्डा धरितो. नाशिककडे डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनच्या अखेरीस सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबर-जानेवारीत लाविलेल्या रब्बीच्या रोपास लहान दिवसांत भरपूर पात येते, आणि त्या पातीच्या बळावर पुढे गड्डा पोसतो. उशीर झाला तर पात थोडी असतानाच गड्डा धरू लागतो. एके वर्षी इतर कामांच्या गर्दीत आम्ही फेब्रुवारीच्या मध्यास लागण केली. पाणी, खत, निंदणी ह्यांत काही उणे केले नाही. तरी कांदे सुपारीएवढेच राहिले. गेलेले दिवस खताने परत मिळत नाहीत.

परंतु घाईनेही हानि होते. ओटीवर किंवा छपराखाली खोक्यांत रुजविलेले रोप एकदम उन्हात नेल्यास करपते. ह्यास्तव आठ-दहा दिवस आधीपासून त्यास बाहेर ठेवावे. प्रथम सकाळचे कोवळे ऊन दोन तास, मग दररोज थोडे अधिक. पाणीही हळूहळू कमी करावे. ही तयारी लागणीच्या दिवसाआधीच पुरी व्हावी, म्हणून बी मागचा हिशेब करून टाकावे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळ्यांतील तरुणही अशीच रोपे होत. त्यांस शिकविल्याशिवाय सेवेच्या उन्हात एकटे पाठविणे क्रूरपणाचे आहे. परंतु अजून कोवळे आहेत, असे म्हणत वर्षानुवर्षे छपराखाली ठेविणे, हाही त्यांच्यावर अन्यायच. आज त्यांस एक लहान प्रार्थनासभा चालवू द्या, पुढच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवर आपल्याबरोबर न्या. समय देवाचा आहे; तयारी आपणांकडे सोपविली आहे.

मननार्थ प्रश्न :
१. उशिरा लाविलेला कांदा लहान का राहतो?
२. आपल्या मंडळीत छपराखालीच राहिलेले रोप कोणते?