मामंजींचं पदक आणि सासूबाईंचं नाव

बाय, त्या दिवशी तू म्हणालीस, "ताई, मामंजींनी त्या मेडलपायी घर डोक्यावर घेतलंय, या वयात काय करायचंय त्यांना?" समोर चार माणसं होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. आज आपण दोघीच आहोत तर मनातलं सांगते. त्यांचा हा हट्ट तू हसण्यावारी नेऊ नकोस. मामंजींचं पदक आणि तुझ्या सासूबाईंची उद्याची पेन्शन एकाच फायलीत आहे, आणि ती फाईल दुरुस्त करायला या घरात आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

आधी ते काय मागताहेत ते समजून घे. एकाहत्तरच्या लढाईत ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि पूर्वेच्या आघाडीवर होते. त्या लढाईत पूर्वेला असलेल्यांसाठी पूर्वी स्टार आहे, पश्चिमेला असलेल्यांसाठी पश्चिमी स्टार, आणि शिवाय संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ला जो नोकरीत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. नऊ वर्षं नोकरी झाली की एक, वीस झाली की दुसरं. ही सगळी हजेरीची पदकं आहेत. 'मी तिथे होतो' एवढंच ती सांगतात. मग ती मागणाऱ्या माणसाला आपण बढाईखोर का समजावं? त्यांचे सोबती एकेक करून गेले. ते तिथे होते असं तोंडी सांगणारा आता कुणी उरलेला नाही, म्हणून त्यांना ते कागदावर आणि धातूवर हवंय.

कुणीतरी त्यांना म्हणालं म्हणे, की छावणीच्या गावात दुकानात तसलीच मेडलं मिळतात, आणून देतो. त्यावर ते भडकले. त्यांचं बरोबर होतं, बाय. सरकारी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातल्या पदकाची कडा कोरी असते. कोरी कडा छातीवर लावून २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला जायचं, हे त्यांना जमणार नाही.

तर आता त्यांची ट्रंक उघड. तळाशी डिस्चार्ज बुक असेल, ते हातात घे आणि एकेक पान वाच. त्यात पदकांची नोंद असते. नोंद आहे आणि पदक हातात आलेलं नाही, तर काम सोपं आहे: डिस्चार्ज बुकाच्या त्या पानाची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, रेजिमेंटच्या सेंटरपाशीच आहे. पदक मिळून हरवलं किंवा चोरीला गेलं असेल, तर पोलिसांचा दाखला जोडून दुसरी प्रत मागता येते. पण नोंदच नसेल, तर मामंजींना घेऊन बस आणि लिहून काढ. बटालियन कुठली, कंपनी कुठली, सुभेदार कोण होते, नदी कुठली ओलांडली, गाव कुठलं लागलं, जखमी झाले असतील तर कुठल्या इस्पितळात होते. तारखा त्यांना आठवणार नाहीत, गावं आणि माणसं आठवतील. त्यावरून ऑफिसला जुन्या नोंदीत शोधता येतं. नुसतं 'मला मेडल मिळालं नाही' एवढंच लिहिलेल्या अर्जाला काहीच धरता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण त्यांच्या मनात ती आशा आहे हे मला ठाऊक आहे. शौर्यपदकाचं वेगळं असतं. त्याला त्या वेळच्या कमांडिंग अधिकाऱ्याची लेखी शिफारस लागते. पन्नास वर्षांनी ती नव्यानं उभी करणं जवळजवळ अशक्य आहे. लढाईतल्या एका रात्रीची ते जी हकिकत सांगतात ती खरी असेल, मी तर खरीच मानते. पण त्या मागणीत हक्काच्या पदकांचा अर्ज अडकवू नकोस. त्यांच्या तोंडची ती हकिकत तू वहीत उतरवून घे, मुलांना वाचायला दे. अर्जात फक्त हक्काचं माग.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी तुला बसवलंय.

डिस्चार्ज बुकात किंवा पेन्शनच्या कागदात, म्हणजे पीपीओत, पत्नीचं नाव काय लिहिलंय ते बघ. आपल्या कोकणात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर त्या केंद्रातल्या मुलानं ऐकलं तसं. आणि फौजेत? मामंजी सुट्टीवर येऊन लग्न करून परत गेले, पलटणीतल्या क्लार्कला त्यांनी जे नाव सांगितलं, ते परमुलखातल्या त्या माणसानं आपल्या कानाप्रमाणे लिहिलं, आणि ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या अधिकृत नोंदीत, छापलं गेलं. तेव्हापासून सरकारदरबारी ती बाई म्हणजे मामंजींची बायको. तुझ्या सासूबाई नव्हेत. नवऱ्याचंही तेच. कुणाचं आडनाव गळलं, कुणाच्या बापाचं नाव आडनाव होऊन बसलं, कुणाच्या 'शिर्के'चे 'शिरके' झाले.

मामंजी आहेत तोवर याचा काही त्रास नाही, पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. उद्या ते नसले की सासूबाईंनी फॅमिली पेन्शनचा अर्ज करायचा, आणि तेव्हा पहिला प्रश्न असा येणार की कागदातली बाई आणि समोरची बाई एकच कशावरून? आज तीच दुरुस्ती मामंजींच्या सहीनं होते, कारण नोकरी त्यांची आणि घोषणा करायचा अधिकारही त्यांचा. ते गेल्यावर तीच गोष्ट एका सत्तरी ओलांडलेल्या बाईला दुखवट्याच्या दिवसांत सिद्ध करावी लागते. मी ज्या घरांत हे होताना पाहिलंय त्यांची नावं घेत नाही. माणूस गेल्यावर मर्तिकाचा खर्च उसना काढायचा आणि पेन्शन महिनोन् महिने बंद, हे मी पाहिलंय आणि ते मला सहन होत नाही.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. सासूबाईंची तर फौजेच्या कागदात तारीख तरी आहे का, बघ. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरीला दुप्पट. कागदात त्या पाच वर्षांनी लहान लिहिल्या असतील, तर ती वाढ पाच वर्षं उशिरा येणार. उतारवयात औषधांचा खर्च वाढतो तेव्हाची पाच वर्षं.

कागदावरचं वय आणि समोरचा माणूस यांचा तंटा दापोलीजवळच्या आपल्या मुरुडला नवा नाही. इथल्या धोंडो केशव कर्व्यांनी पोरवयात परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी सातारा गाठलं. वय भरलेलं होतं, पण अंगानं किडकिडीत म्हणून परीक्षकांना ते पटलं नाही आणि त्यांना बसू दिलं नाही. पुढे १८९३ला त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा याच गावानं त्यांना वाळीत टाकलं, आणि १८९६ला त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्यांचं स्मारक गावात आहे, पुतळ्याला हार घालायला सगळे जातात. त्याच गावात एखाद्या बाईची पेन्शन नावातल्या चुकीपायी अडावी, हे मला लागतं.

काम कसं करायचं ते सांगते. सगळ्यात आधी सासूबाईंचं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक यांवर एकच नाव आणि एकच तारीख आण. हे दापोलीतच होतं. चार कागदांवर चार नावं घेऊन पुढे गेलीस तर प्रत्येक टेबलावर नवी शंका निघते. मग दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, आणि नावातला फरक मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी. ती आता ऑनलाइन अर्जानं होते. हे हातात आलं की मामंजींच्या सहीचा अर्ज, डिस्चार्ज बुक आणि पीपीओची प्रत जोडून रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठव. त्या कार्यालयाचं हेच काम आहे, तिथे संकोच करू नकोस. रेकॉर्ड ऑफिस नोंद दुरुस्त करतं आणि मग प्रयागराजहून सुधारित पीपीओ निघतो. पेन्शन आता 'स्पर्श' या संगणकी व्यवस्थेतून येते, तिथेही सासूबाईंचं नाव नेमकं तसंच दिसतंय ना, हे शेवटी स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नकोस. प्रत दे, आणि पोचेवर शिक्का घे. 'मी करून आणतो, थकबाकीतले इतके टक्के माझे' म्हणणारा येईल, त्याला दारातूनच परत पाठव. फोनवर आलेला ओटीपीचा आकडा तर कुणालाही सांगायचा नाही, समोरचा स्वतःला कुठल्याही ऑफिसातला म्हणवो.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचार की अर्जाचं काय झालं, आणि शीट रोलचा, म्हणजे शिपायाच्या सेवेच्या नोंदपत्राचा, त्यातल्या कुटुंबाच्या पानाचा उतारा माग. पेन्शन न मिळता घरी आलेल्या शिपायांचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट करतात, मागे लाँग रोलमधली, म्हणजे कायम ठेवायच्या नोंदवहीतली, एक ओळ राहते. मामंजी पेन्शनर आहेत, त्यांचे कागद असणार. तुझ्या माहेरचे जे काका पेन्शनशिवाय फौजेतून घरी आले, त्यांचं मात्र लवकर विचार.

लेखी नकार आला तर सैन्यदल न्यायाधिकरण आहे. २००७च्या कायद्यानं ते झालं, मुंबईला त्याचं पीठ आहे, आणि अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जावं लागतं. पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २००८ला तरसेम सिंग यांच्या खटल्यात सांगितलंय की दर महिन्याला कमी मिळणं हा चालू राहणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दाद मागता येते. पण मागची थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे उशिराची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

अर्ज करणं म्हणजे पदर पसरणं असं मामंजींना वाटतं ना? त्यांना आपल्याच दापोलीचं सांग. दापोली हा तेव्हा फौजी पेन्शनरांचा कँप होता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथे येऊन राहिले. त्यांच्याआधी गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन इथेच राहिले. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा, १८९४ला, आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या केलेली लष्करी सेवा दाखवून न्याय मागणारा अर्ज त्यांनी लिहिला. त्यांच्या डोळ्यांदेखत काही झालं नाही, १९०० साली ते गेले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ला, बेळगावात. अख्ख्या समाजाची सेवा विसरली जाऊ नये म्हणून एका निवृत्त शिपायानं लेखणी उचलली, त्यात मला कुठेच लाचारी दिसत नाही.

आणि आजचं हवं असेल तर सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर आहेत. पासष्टच्या लढाईत गोळ्या लागून अधू झाले, १९७२ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहून भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ला त्यांनी केलेली मागणी फेटाळली गेली. २०१८ला पद्मश्री मिळाली आणि अर्जुन पुरस्कार हाती आला तो जानेवारी २०२५मध्ये, ऐंशीच्या घरात. मामंजींना एवढी वाट पाहायला लावू नये, म्हणूनच मी तुझ्या मागे लागलेय.

दोन्ही अर्ज वेगवेगळ्या कागदांवर कर, पदकाचा वेगळा आणि नावाचा वेगळा. एकात दोन मागण्या घातल्या की एक टेबल दुसऱ्याकडे बोट दाखवतं. आधी नावाचा पाठव. मामंजी रुसतील, तर त्यांना सांग की पदकाच्या कडेवर तुमचंही नाव नीट कोरलं जायला हवं, त्यासाठी रेकॉर्ड आधी सुधारायला हवं. ते खरंच आहे.

आणि राजपत्रात नाव द्यायच्या आधी सासूबाईंना विचार, कुठलं ठेवायचं. माहेरचं की सासरचं. घरातल्या पुरुषांनी ठरवून परस्पर फॉर्म भरू नये. त्यांना सही येते, त्यांनाच करू दे.