उजव्या कोपऱ्यातला खेळाडू

बेसबॉल हा अमेरिकेतील लोकप्रिय खेळ. तेथील हायस्कूलचे सामने सामान्यतः ७ डावांचे असतात. आतल्या मैदानात बेस ९०-९० फुटांवर. त्यांच्या पलीकडच्या विस्तीर्ण गवतावर मात्र तीनच खेळाडू: डावा, मधला व उजवा. शाळेच्या संघात कच्चा मुलगा पुष्कळदा उजवीकडे उभा केला जातो, कारण तिकडे चेंडू कमी जातात. चेंडूचा अंदाज उपजतच असावा लागतो, असाही एक समज आहे. मला तो पटत नाही.

१९६८ साली सेव्हिल चॅपमन यांनी हवेचा विरोध वगळून याचे गणित मांडले. सरळ आपल्या दिशेने येणाऱ्या उंच चेंडूमागे नजर वर चढत जाते. ती एकसारखी चढत राहिली तर आपली जागा बरोबर. चढण्याचा वेग वाढला तर चेंडू डोक्यावरून जाणार. मंदावला तर पुढ्यात पडणार. म्हणजे अंदाज हा नजरेचा अभ्यास आहे, आणि अभ्यास शिकवता येतो.

शिकवण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी पाय. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी त्या बाजूचा पाय मागे टाकून वळायचे व धावायचे. पाठीमागे सरकत जायचे नाही. वेळ असेल तर चेंडूच्या मागे पोचून पुढे येत झेल घ्यायचा, म्हणजे फेकीला जोर मिळतो. आरंभी प्रशिक्षक जवळून हाताने चेंडू फेकतो, मग बॅटने मारतो. शेवटी हाक: दोघे धावले तर मधल्याची हाक मानायची, नाहीतर टक्कर ठरलेली.

१९५४ च्या वर्ल्ड सिरीजमधला विली मेज यांचा झेल आणि १९८३ च्या अंतिम सामन्यात कपिल देव यांनी घेतलेला रिचर्ड्सचा झेल, दोन्ही मागे धावत जाऊन घेतलेले. आपण हात आठवतो. काम आधी पायांनी केलेले असते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘याला जमायचे नाही’ हा शेरा किती लवकर मारला जातो, ते मला ठाऊक आहे. म्हणून मला चांगल्या प्रशिक्षकाची एक गोष्ट फार मोलाची वाटते. आतला खेळाडू पहिल्या बेसकडे चेंडू फेकतो, तेव्हा तो उजव्या कोपऱ्यातल्या मुलालाही त्या बेसच्या मागे धावायला लावतो. फेक बहुधा हुकत नाही. पण हुकली, तर ती अडवणारा तोच असतो.