कादंबरीतून बाईचं जग वाचताना



वैतरण्याहून शाळेत जाताना लोकलमध्ये शेजारच्या ताईंनी माझ्या हातातलं पुस्तक बघून विचारलं, “बाई, परदेशातल्या बायकांचं वाचून आपल्याला काय मिळणार?” उत्तर दोन कादंबऱ्यांतून शोधूया.

१) पण लक्षात कोण घेतो? – ह. ना. आपटे यांची ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. यमू स्वतःची कथा स्वतः सांगते. नवरा तिला शिकवतो. पण तो गेल्यावर तिला कुणी विचारत नाही. बळजबरीने केशवपन होतं.

२) सो लाँग अ लेटर – सेनेगलच्या मारियामा बा यांची कादंबरी, १९७९. रामातुलाय शिक्षिका आहे. नवऱ्याने मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं. तो वारल्यावर इद्दतीच्या काळात ती मैत्रिणीला पत्र लिहिते. दीर मागणी घालतो, ती ठाम नकार देते.

फरक कुठे? दोघीही शिकलेल्या. पण रामातुलायकडे स्वतःचा पगार आहे, यमूकडे नाही. नकार द्यायला पायाखाली जमीन लागते.

वाचताना विचारा:
- गोष्ट कोण सांगतंय?
- निर्णय कोण घेतं?
- तिच्या हातात पैसा आहे का?

‘बिचारी’ म्हणून पुस्तक मिटू नका. ताईंना मी रामातुलायची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या बहिणीलाही दिरासाठी विचारलं होतं. तिला नाही म्हणता आलं नाही.”

स्वाध्याय: घरातल्या एका स्त्रीला विचारा, तिने स्वतः घेतलेला पहिला निर्णय कोणता? पाच ओळी लिहा.