आधी त्यांच्या घरी जा

पुणे

चि. अमोल यास सप्रेम सलाम,

तुझं पत्र मिळालं. भोरच्या मंडळीत जवानांसाठी खास प्रार्थनासभा घ्यायची आणि वेल्ह्याकडच्या सैनिकांच्या घरच्यांनाही बोलवायचं, हा तुझा बेत समजला. सभा जरूर घे. पण त्यांना बोलावणं धाडण्याआधी तू त्यांच्या घरी जा, आणि गेल्यावर कमी बोल.

कारगिलची लढाई 1999 मध्ये चालू होती, तेव्हा इकडे भातलावणीचे दिवस आले होते. तोरण्याच्या पायथ्याला एका घरी मी गेले होते. त्या माउलीने फडताळातून मुलाचं अंतर्देशीय पत्र काढून माझ्या हातात दिलं. घड्यांवर ते पार विरलं होतं. शेजारच्या पोराने वाचून दाखवलेलं होतं, तरी म्हणाली, "बाई, तुमी वाचा, पण सावकाश." मी वाचत होते आणि तिचे ओठ माझ्या आधी हलत होते. मग उत्तर सांगायला बसली. म्हैस व्याली, कौलं चाळून घेतली, खाचरात चिखलणी झाली. नवरा तापाने पडून होता, ते मात्र लिहू देईना. मी म्हटलं, लिहू या, आणि डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू आहेत, हेही लिहू या. दुसऱ्या कुणाकडून त्याला अर्धवट कळलं तर तो तिकडे जास्त झुरेल. तिला पटलं. तेवढं पत्र लिहून मी उठले. निघताना तिनेच विचारलं, "तुमच्या देवाला सांगाल का माझ्या लेकासाठी?" तेव्हा तिथेच, दोन वाक्यांत प्रार्थना केली.

आपल्या लोकांनी हे काम पूर्वीही असंच केलं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी फ्रान्सला गेल्या, तेव्हा वाय.एम.सी.ए.ला त्यांच्यात काम करायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: धर्मप्रचार करायचा नाही. त्यांनी तंबूत कागद-पाकिटं ठेवली, खेळ आणि ग्रामोफोन आणले, लिहिता न येणाऱ्यांची पत्रं लिहून दिली. पुढे मेसोपोटेमियातही त्यांनी अशीच सेवा केली. त्या आघाडीवर आपली मराठी माणसं फार होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि हजारो शिपाई कैदेत गेले. कित्येक परत आलेच नाहीत. त्यांच्या आयाबायांनी ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार तू सभेची तयारी करताना जरूर कर.

धर्मप्रचार न करण्याची ती अट कुणी घालण्याआधी आपणच स्वतःला घालून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन 1893 साली सुरू झालं आणि त्याची माणसं भोर संस्थानात गावोगाव फिरली. त्यामुळे बायबल घेऊन कुणी दारात आलं तर ते कशासाठी, हा प्रश्न इथल्या माणसाच्या मनात येणारच. शिवाय घाबरलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं जड जातं. ज्या आईचा मुलगा सीमेवर आहे ती कुठल्याही देवापुढे हात जोडेल. तिच्या त्या भीतीचा फायदा घेणं मला पाप वाटतं. तिने विचारलं तर सांग, मागितली तर प्रार्थना कर. एरवी काम कर.

ईयोबाचे मित्र आठव. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. देवाच्या वतीने कारणं सांगायला लागले आणि तिथे बिघडलं. एक्याण्णवावं स्तोत्र तू वाचशील, जवानांसाठी ते नेहमीच वाचतात. पण हमीपत्र असल्यासारखं वाचू नकोस. समोर अशी एखादी बाई बसलेली असेल जिचा नवरा तिरंग्यात गुंडाळून घरी आला. तिने काय कमी प्रार्थना केली होती? ती देवावर रागावलेली असली तर रागावू दे. तिला गप्प करायला जाऊ नकोस.

सभेत जवानाचं नाव घे. त्याची पलटण, ठिकाण, तो कधी निघाला, यातलं काहीही बोलू नकोस आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाला टाकू देऊ नकोस. 2025 च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, टीव्हीवर काय काय दाखवत होते ते तू पाहिलंस. अशा वेळी त्या घरी गेलास तर आधी टीव्ही बंद करायला सांग. फोन लागत नाही म्हणजे काही झालं असं नव्हे, मोहिमेवर असताना फोन बंदच ठेवावे लागतात, हे पुन्हापुन्हा समजावून सांग. या एका गोष्टीने किती रात्रींची झोप वाचते!

खाचरं पडून राहणार असतील तर तरुण संघातली पोरं घेऊन इर्जिक घाल. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला गाडीची सोय बघ. पेन्शनची किंवा मुलांच्या शिष्यवृत्तीची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्याबरोबर स्वतः जा. नुसता पत्ता देऊन पाठवू नकोस. आपल्या मंडळीतल्या घराचा मुलगा फौजेत असेल तर त्याच्या घरच्यांना सांग की सैन्यात पंडित, मौलवी, ग्रंथी असतात तसे पाद्रीही असतात, आणि त्यांचं प्रशिक्षण इथे पुण्यातच होतं. आपलं पोर तिकडे अगदीच एकटं नाही, एवढं कळलं तरी आईला बरं वाटतं.

आणि लढाई थांबली म्हणून जाणं थांबवू नकोस. घरी आलेला जवान रात्री दचकून उठतो, कुणाशी बोलत नाही, बाटलीकडे वळतो, तेव्हा त्याच्या बायकोला विचारणारं कुणी नसतं. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात कमरेखाली लुळे पडलेले जवान आहेत. मंडळीतल्या चारदोघांना घेऊन तिथे जाऊन ये, पण आधी फोन करून त्यांच्या वेळा विचार.

सभा लावणीच्या दिवसांत ठेवू नकोस, कुणी येणार नाही. लावणी उरकल्यावरचा एखादा रविवार बघ आणि मला कळव. वेल्ह्याकडच्या घरांना मी तुझ्याबरोबर येईन.

तुझी,
आत्या