उंच वाण घेतला की निंदण वाचतं का?

प्रश्न : यंदा सोयाबीनऐवजी मका पेरणार आहे. रुंद पानांचा, उंच वाण घेतला तर तण दबतं आणि निंदणाची गरज राहत नाही, असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?
– एक शेतकरी, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. सुरुवातीला जोमाने वाढणारा, पसरट पानांचा वाण जमिनीवर लवकर सावली धरतो आणि उशिरा उगवणारं तण दबतं. मात्र मक्याचं खरं नुकसान पहिल्या महिना-दीड महिन्यात होतं. तेव्हा कोणताच वाण ओळ झाकत नाही, आणि आपल्या काळ्या जमिनीत झडीमुळे वाफसा मिळत नाही तोवर केना, लव्हाळा डोकं वर काढतात. त्यामुळे वाण निवडताना आधी कालावधी, पाणी आणि उत्पादन पाहा. सावली हा जास्तीचा फायदा समजा.

उभट पानांचा किंवा लवकर येणारा वाण असला तरी काळजी नको. अंतर 60 × 20 सेंमी ठेवा, म्हणजे एकरी सुमारे 33 हजार झाडं बसतात; नांग्या वेळेत भरा. उघडीप मिळताच डवरणी आणि ओळीतलं निंदण कराच.

अॅट्राझिन पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी, लेबलवरील मात्रेतच फवारा. तूर किंवा मूग आंतरपीक असेल तर मुळीच नको, ती पिकं जळतात. ‘तणनाशक सहन करणारं’ जीएम मक्याचं बियाणं कुणी देऊ केलं तर घेऊ नका. भारतात त्याच्या लागवडीला परवानगी नाही. तुमच्या जमिनीला साजेसा वाण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारून ठरवा.