घटस्फोटासाठी वकील कोणता?

प्रश्न : माझे माहेर जयसिंगपूर, सासर पुणे. घटस्फोटासाठी वकील कसा निवडावा?

उत्तर : भगिनी, जयसिंगपूर ज्यात मोडत असे, त्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 सालीच घटस्फोटाचा कायदा केला; तेथील कन्येने संकोच बाळगू नये. आपण माहेरी राहत असाल, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 अन्वये दावा माहेरच्या भागातच दाखल करता येतो. सबब पुण्याचा नामांकित वकील शोधण्यापेक्षा, कौटुंबिक दाव्यांचा नित्य सराव असलेला आणि परस्परसंमतीचा मार्ग प्रथम तपासणारा स्थानिक वकील श्रेयस्कर. पोटगीत हिस्सा मागणाऱ्यास वकीलपत्र मुळीच देऊ नये. तसा करार वकिलांच्या नियमांत निषिद्धच आहे. फी परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.